ठाणे-कल्याणचा खासदार नेमका कधी ठरतो? मतदानाच्या दिवशी की तिकीटवाटपाच्या?

२०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. ठाण्यात मतदान होतं २० मे रोजी आणि अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती ३ मे. पण महायुतीचा उमेदवार कोण, हे ठाणेकरांना कळलं १ मे रोजी, म्हणजे मतदानाच्या १९ दिवस आधी.

एवढा उशीर कशामुळे झाला? समोर तगडा विरोधक होता म्हणून नाही. ही जागा शिवसेनेने लढवायची की भाजपने, हेच ठरत नव्हतं. शेवटी जागा एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेकडे राहिली, माजी महापौर नरेश म्हस्के यांचं नाव जाहीर झालं आणि ४ जूनला ते सव्वादोन लाखांच्या आसपास मताधिक्याने निवडून आले.

म्हणजे ज्या प्रश्नावर आठवडेच्या आठवडे गेले, तो प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. ठाण्याचा जवळपास ५० वर्षांचा इतिहास पाहिला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं. इथली खरी झुंज बऱ्याचदा मित्रपक्षांत होते आणि ती मतदारांसमोर येण्याआधीच मिटलेली असते. हे कसं घडत गेलं, ते क्रमाने पाहू.

आधी नकाशा समजून घ्या

ठाणे म्हटलं की आपल्याला तलाव, खाडी आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आठवतं. पण आजच्या ठाणे लोकसभा मतदारसंघाला समुद्रही आहे. उत्तनच्या कोळीवाड्यापासून हा मतदारसंघ सुरू होतो आणि ठाणे शहरावरून खाडीच्या काठाने थेट सीबीडी-बेलापूरपर्यंत जातो. मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई ते डहाणूचा किनारा तिकडे गेला. त्यामुळे ठाणे जिल्ह्याकडे खुल्या समुद्राचा उरला तो मीरा-भाईंदरकडचा तुकडा.

शेजारच्या कल्याण मतदारसंघात अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा येतात.

आता यातली गंमत बघा. मुंब्रा आणि कळवा ठाणे महापालिकेत आहेत, पण तिथले लोक खासदार निवडतात कल्याणचा. दिव्याचंही तसंच. आणि कल्याण पश्चिम? ते कल्याण लोकसभेत नाहीच, ते भिवंडीत येतं. कल्याण स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेकडून पश्चिमेला गेलात की तुमचा खासदार बदलतो. २०२४ नंतर तर पक्षही बदलतो, कारण भिवंडीत राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्या मामा निवडून आले.

ही विभागणी २००८ च्या पुनर्रचनेतली आहे. त्याआधी चित्र वेगळं होतं, आणि सुरुवातीला तर फारच वेगळं.

एकेकाळी इथे लाल बावटा होता

आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण १९५७ मध्ये ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर लोकसभेत गेले होते.

त्यामागे दोन कारणं होती. तेव्हा ठाणे म्हणजे डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला मोठा जिल्हा. १९४५ च्या सुमारास शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तिथल्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं होतं. दुसरं कारण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेसला तिचा जबर फटका बसला. वारल्यांचा लढा आणि मराठी राज्याची मागणी या दोन्हींचा जोर एकत्र आला.

महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६२ मध्ये काँग्रेसचे सोनुभाऊ बसवंत ठाण्यातून जिंकले. पुढे १९६७ आणि १९७१ च्या निवडणुकांत तर ठाणे नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता, यादीत नाव होतं भिवंडीचं. ठाणे परत आलं ते १९७७ मध्ये.

मधल्या काळात शहर बदलत होतं. कारखाने आले. मुंबईत घर न परवडणारा मराठी नोकरदार ठाणे, डोंबिवली, कल्याणला राहायला आला. जून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला १९६७ मध्ये सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत. पण नगरपालिका जिंकणाऱ्या सेनेला ठाण्याची खासदारकी मिळायला पुढची २९ वर्षं लागली. कारण दिल्लीसाठीचं मत दुसऱ्याच घराकडे जात होतं.

म्हाळगी ते कापसे: भाजपचा बालेकिल्ला

ते घर म्हणजे जनसंघ, नंतर भाजप.

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षातर्फे रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून उभे राहिले आणि जिंकले. म्हाळगी मूळचे पुण्याच्या राजकारणातले. १९५७ मध्ये ते मावळमधून आमदार झाले होते. बाहेरचा उमेदवार असूनही ते जिंकले, कारण डोंबिवली, कल्याण, ठाण्यात संघाच्या शाखांचं जाळं पक्कं होतं. १९८० मध्ये इंदिरा गांधींची लाट परत आली, तरी म्हाळगींनी ठाणे राखलं. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत नव्या भाजपचे जगन्नाथ पाटील निवडून आले. भाईंदरच्या उत्तन भागात असलेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी याच म्हाळगींच्या नावाची.

१९८४ मध्ये मात्र इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप जिंकले. त्या वर्षी भाजपला देशभरात मिळून दोनच जागा मिळाल्या होत्या, त्यामुळे ठाणे गेलं यात नवल नव्हतं.

१९८९ मध्ये शिवसेना-भाजप युती झाली. युतीत ठाणे भाजपकडे आलं आणि कल्याणचे प्राध्यापक राम कापसे खासदार झाले. १९९१ मध्ये ते पुन्हा जिंकले. सलग दोन विजय, स्वच्छ प्रतिमा, मतदारसंघात ओळख. अशा खासदाराचं तिकीट कापलं जाईल असं कुणाला वाटेल?

१९९६: मतदान व्हायच्या आधीच बदललेला निकाल

पण तसंच झालं.

तोवर ठाण्यात आनंद दिघे हे नाव प्रचंड मोठं झालं होतं. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख म्हणून टेंभी नाक्यावर त्यांचा दरबार भरायचा. नोकरी, घर, शाळेतला प्रवेश, भांडण-तंटा, सगळी गाऱ्हाणी तिथे जायची. १९९५ मध्ये राज्यात युतीची सत्ता आली आणि मुख्यमंत्री शिवसेनेचा झाला. जिल्ह्यात आपली ताकद जास्त असताना खासदार मित्रपक्षाचा का, हा शिवसैनिकांचा सवाल होता. दिघेंनी हट्ट धरला आणि १९९६ मध्ये ठाण्याची जागा भाजपकडून शिवसेनेकडे आली. कापसेंची उमेदवारी गेली. प्रकाश परांजपे उभे राहिले आणि जिंकले.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. कापसेंना मतदारांनी पाडलं नाही. युतीकडे जाणारं मत तेच राहिलं, फक्त मशीनच्या भाषेत सांगायचं तर बटणासमोरचं चिन्ह बदललं. कमळाची जागा धनुष्यबाणाने घेतली.

आणि ती जागा भाजपला आजवर परत मिळालेली नाही. परांजपे १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे सलग चार वेळा निवडून आले. २००१ मध्ये आनंद दिघेंचं निधन झालं, पण त्यांनी खेचून आणलेली जागा पक्षाकडेच राहिली.

२००४ चा इशारा आणि २००९ चा धक्का

मग इथे विरोधकांना संधीच नव्हती का? होती, आणि ती कधी मिळाली हे बघण्यासारखं आहे.

२००४ मध्ये राष्ट्रवादीचे वसंत डावखरे परांजपेंविरुद्ध उभे होते. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीपासून बेलापूरपर्यंत एकच मतदारसंघ होता आणि मतदारसंख्येच्या हिशेबात तो देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. दोघांनाही सहा लाखांहून जास्त मतं पडली. परांजपे वाचले ते सुमारे २२ हजारांनी.

२००८ मध्ये प्रकाश परांजपे यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र आनंद परांजपे जिंकले. त्यानंतर पुनर्रचनेने जुन्या ठाण्याचे तुकडे झाले आणि कल्याण हा स्वतंत्र मतदारसंघ जन्माला आला. २००९ मध्ये दोन्हीकडे पहिल्यांदा मतदान झालं.

निकाल असा लागला. कल्याणमध्ये आनंद परांजपे यांनी डावखरेंना सुमारे २४ हजार मतांनी हरवलं. ठाण्यात मात्र राष्ट्रवादीचे संजीव नाईक यांनी शिवसेनेचे विजय चौगुले यांना सुमारे ४९ हजारांनी पाडलं.

यामागचं मोठं कारण होतं मनसे. राज ठाकरेंच्या पक्षाची ती पहिली लोकसभा निवडणूक. ठाण्यात मनसेच्या राजन राजे यांनी १ लाख ३४ हजारांहून जास्त मतं घेतली, म्हणजे चौगुलेंच्या पराभवाच्या फरकापेक्षा अडीच पटीहून जास्त. कल्याणमध्ये मनसेच्या वैशाली दरेकर यांनी लाखभर मतं घेतली. हे सगळं मत शिवसेनेकडेच गेलं असतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. नवी मुंबईत नाईक कुटुंबाचं स्वतःचं वजन होतंच. पण मराठी मत फुटलं की बालेकिल्ला हलतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

मोदी लाटेनंतर एकतर्फी सामने

२०१४ मध्ये युती शाबूत होती, मनसे ओसरली होती आणि देशात मोदी लाट होती. ठाण्यात शिवसेनेचे राजन विचारे यांनी संजीव नाईकांना २ लाख ८१ हजारांच्या फरकाने हरवलं. कल्याणमध्ये एकनाथ शिंदेंचे पुत्र डॉ. श्रीकांत शिंदे अडीच लाखांनी जिंकले. त्यांच्यासमोर राष्ट्रवादीचा उमेदवार कोण होता? आनंद परांजपे! पाच वर्षांपूर्वी शिवसेनेचे खासदार झालेले परांजपे तोवर राष्ट्रवादीत गेले होते.

२०१९ मध्ये फरक आणखी वाढला. ठाण्यात विचारे यांनी परांजपेंना ४ लाख १२ हजारांनी, तर कल्याणमध्ये शिंदे यांनी राष्ट्रवादीचे बाबाजी पाटील यांना ३ लाख ४४ हजारांनी हरवलं.

नेत्यांचा प्रवासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. आनंद परांजपे पुढे अजित पवारांसोबत गेले, म्हणजे २०२४ मध्ये ते पुन्हा शिवसेनेच्याच आघाडीत होते. गणेश नाईक शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि २०१९ मध्ये तिथून भाजपमध्ये आले. २००९ मध्ये मनसेकडून लढलेल्या वैशाली दरेकर २०२४ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेच्या उमेदवार झाल्या. मतदार जिथल्या तिथे आहे, नेते मात्र पाट्या बदलत राहिले.

२०२४: सेना विरुद्ध सेना

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंनी बंड केलं, ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं. उद्धव ठाकरेंच्या पक्षाकडे मशाल आली. विचारे ठाकरेंसोबत राहिले.

त्यामुळे २०२४ मध्ये ठाण्यात पहिल्यांदाच शिवसैनिकासमोर शिवसैनिक उभा राहिला. म्हस्के आणि विचारे दोघेही ठाण्याचे माजी महापौर आणि दोघेही स्वतःला दिघेसाहेबांचे शिष्य म्हणवणारे.

पण त्याआधीचा सामना भाजपशी होता. भाजपचं म्हणणं सरळ होतं: मूळ जागा आमची, आमदार आमचे जास्त, मग उमेदवार आमचा हवा. इच्छुकांमध्ये संजीव नाईक यांचं नाव होतं. मुख्यमंत्र्यांसाठी मात्र स्वतःच्या घरची जागा सोडणं म्हणजे खरी शिवसेना आपली हा दावाच सोडण्यासारखं होतं. जागा त्यांनी राखली. नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरमधल्या भाजप कार्यकर्त्यांची नाराजी उघडपणे दिसली.

कल्याणमध्ये तर वाद त्याहून कडवट होता. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला आणि त्या आरोपावरून भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. दोघेही एकाच सत्तेतल्या पक्षांचे. एप्रिलमध्ये श्रीकांत शिंदेच महायुतीचे उमेदवार असतील, हे देवेंद्र फडणवीसांना स्वतः जाहीर करावं लागलं.

निकाल काय लागले?

- ठाणे: नरेश म्हस्के ७ लाख ३४ हजार, राजन विचारे ५ लाख १७ हजार.
- कल्याण: श्रीकांत शिंदे ५ लाख ८९ हजार, वैशाली दरेकर-राणे ३ लाख ८० हजार.

दोन्हीकडे फरक दोन लाखांहून जास्त, पण २०१९ पेक्षा बराच कमी.

मग भाजप आणि सेनेत खरा मोठा कोण?

याचं उत्तर लोकसभेत कधीच मिळत नाही, कारण १९८९ पासून ठाण्यात भाजपने शिवसेनेच्या अधिकृत चिन्हासमोर लोकसभा लढवलेलीच नाही. जिथे युती तुटली, तिथेच अंदाज येतो.

२०१४ च्या विधानसभेला दोघे वेगळे लढले तेव्हा ठाणे शहराची जागा भाजपचे संजय केळकर यांनी शिवसेनेच्या रवींद्र फाटक यांना हरवून घेतली. २०१७ च्या ठाणे महापालिकेत मात्र शिवसेनेला १३१ पैकी ६७ आणि भाजपला २३ जागा मिळाल्या. कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये शिवसेना ५२, भाजप ४२ असा चुरशीचा आकडा होता. म्हणजे गल्लीसाठी वेगळा पक्ष आणि विधानसभेसाठी वेगळा, अशी निवड इथला मतदार करतो. फक्त तसा पर्याय समोर असावा लागतो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतरचं चित्र तर आणखी बोलकं आहे. ठाणे लोकसभेतल्या सहापैकी चार आमदार भाजपचे, दोन शिंदेंच्या शिवसेनेचे. कल्याणमध्ये भाजपचे तीन, शिवसेनेचे दोन आणि मुंब्रा-कळव्यात राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे जितेंद्र आव्हाड. दोन्ही मतदारसंघांत खासदार शिवसेनेचा आणि आमदार जास्त भाजपचे. १९९६ मध्ये दिघेंनी जो युक्तिवाद भाजपसमोर ठेवला होता, तोच आता भाजप शिवसेनेसमोर ठेवू शकतो.

मनसेचा अनुभवही इथे जोडून बघा. लोकसभेला राज ठाकरेंनी महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला. सहा महिन्यांनी कल्याण ग्रामीणमध्ये मनसेचे आमदार राजू पाटील यांच्यासमोर शिंदेंच्या शिवसेनेने राजेश मोरे यांना उतरवलं आणि मोरे जिंकले.

तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्याशी याचा संबंध काय?

पहिला संबंध मतदानाचा. २००९ मध्ये कल्याणमध्ये सुमारे ३४ टक्केच मतदान झालं होतं. २०२४ मध्ये ते ५० टक्क्यांच्या पुढे गेलं, ठाण्यात ५२ टक्क्यांवर. सुधारणा आहे, पण हिशेब करून बघा. ठाण्यात २५ लाखांच्या आसपास मतदार आहेत. म्हणजे दर १०० नोंदलेल्या मतदारांपैकी म्हस्केंना मत दिलं सुमारे २९ जणांनी. कल्याणमध्ये शिंदेंना २८ जणांनी. आणि मतदानाला न गेलेले? दोन्हीकडे ४८ ते ५० जण. उन्हाळी सुट्टी, गावी जाणं, यादीतून नाव गायब होणं, ही कारणं आहेतच. पण निकाल आधीच ठरलाय असं वाटणं हेही एक कारण असू शकतं.

दुसरा संबंध कामाचा. या पट्ट्यातल्या लोकांचा सगळ्यात मोठा प्रश्न लोकलचा, आणि रेल्वे हा दिल्लीचा विषय. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला १८ फेब्रुवारी २०२२ ची तारीख उजाडली, दहा वर्षांहून जास्त रखडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. त्या ट्रॅकवरून रोज जाणारा माणूस खासदाराला जाब विचारू शकतो तो फक्त मताने. पण पराभवाची भीतीच नसेल, तर खासदाराला जास्त काळजी कुणाची राहील? तिकीट देणाऱ्याची की मत देणाऱ्याची?

२००४ मध्ये २२ हजारांवर आलेली लढत आणि २००९ मध्ये उलटलेला निकाल हेच सांगतात की ठाण्याचं मत कुणाच्या बापजाद्यांची इस्टेट नाही. फक्त खरा पर्याय समोर यायला हवा.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

दोन गोष्टींवर. एक, आगामी जनगणनेनंतरची मतदारसंघ पुनर्रचना. गेल्या वेळी तिने ठाण्याचे दोन केले होते. घोडबंदर, दिवा, डोंबिवलीच्या पलीकडे वाढलेली वस्ती पाहता सीमा पुन्हा हलणार हे उघड आहे. दोन, २०२९ च्या आधीचं जागावाटप. ठाणे शिवसेनेकडेच राहणार की ३३ वर्षांनी भाजपकडे परत जाणार?

तोवर एक छोटं काम करून ठेवा. तुमचं घर कोणत्या विधानसभेत आणि कोणत्या लोकसभेत येतं, ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर तपासा आणि मतदारयादीत नाव आहे ना तेही बघा. विशेषतः तुम्ही कल्याण पश्चिमेला राहत असाल तर. तुमचा खासदार तुम्हाला वाटतो तो नसण्याची बरीच शक्यता आहे.